स्वयंभू कोणास म्हणावे?

मराठी कानाला ‘बाया’ हा शब्द अनेकवचनी वाटतो. अल्जेरियातील एका चित्रकर्त्रीने हेच नाव आपल्या चित्रांवर आयुष्यभर घातले, आणि तिच्या चित्रांत स्त्रियांखेरीज दुसरे माणूस जवळजवळ आलेच नाही. हा केवळ ध्वनीचा योगायोग, हे खरे. तथापि तिच्याविषयीचे लिखाण वाचताना हा योगायोग मला पुनःपुन्हा आठवत राहिला. कारण त्या लिखाणात बाया नेहमी एकटी असते. कोठूनही न आलेली, कोणाकडूनही काही न घेतलेली, एकवचनी. चित्रांसमोर थोडा वेळ थांबले की मात्र तिच्या एका हातामागे अनेक हात वावरत असल्याची जाणीव होऊ लागते. ही विसंगती का उत्पन्न झाली आणि आपल्यासारख्या रसिकाने तीतून काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम थोडी चरित्रविषयक माहिती देणे अवश्य आहे. बायाचे मूळ नाव फातमा हद्दाद. अल्जिअर्स शहराजवळ समुद्रकाठी बोर्ज-एल-किफान नावाचे गाव आहे. फ्रेंच अमदानीत त्याला फोर-द-लो म्हणत. तेथे १२ डिसेंबर १९३१ रोजी तिचा जन्म झाला. घराणे मूळचे कबाइल, म्हणजे अरबांच्या आगमनापूर्वीपासून त्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या लोकांपैकी. परंतु ती वाढली ती अरबी आणि कबाइल हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेल्या अल्जेरियन जगात. बालपणीच आईबाप गेले. आजी एका फ्रेंच मळेवाल्याकडे मजुरी करी. नात तिच्याबरोबर मळ्यावर जाई. शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती अकराएक वर्षांची असताना मार्गरीत कामिना या फ्रेंच बाईंनी तिला अल्जिअर्समधील आपल्या घरी नेले. तेथे ती घरकामाला हातभार लावी आणि उरल्या वेळात मातीची जनावरे करी, कागदावर रंग भरी. मार्गरीतबाई स्वतः चित्रे काढीत. त्यांच्या घरात आधुनिक चित्रकलेचे वातावरण होते. त्यांनी मुलीला कागद, रंग आणि कुंचले दिले. चित्र कसे काढावे हे मात्र शिकविले नाही. पुढे एमे माएग या पॅरिसच्या चित्रव्यापाऱ्याच्या दृष्टीस ही चित्रे पडली आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने आपल्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरविले. बायाला तेव्हा सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

या प्रदर्शनाच्या वेळी अतिवास्तववादाचे प्रणेते आंद्रे ब्रतों यांनी तिच्यावर लेख लिहिला. तिच्या रूपाने त्यांना एका नव्या आरंभाची चाहूल लागली होती, आणि त्या आरंभाची राणी म्हणून त्यांनी तिचा गौरव केला. हा गौरव मनःपूर्वक होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तो कोणत्या घटकेला झाला हे ध्यानी घेतले पाहिजे. युरोप नुकताच महायुद्धातून बाहेर पडला होता आणि स्वतःच्या विद्वत्तेला विटला होता. त्याच नोव्हेंबर महिन्यात, त्याच पॅरिस शहरात, झ्यां द्युब्युफे यांनी एका चित्रदालनाच्या तळघरात अशिक्षित हातांच्या ‘कच्च्या’ कलेसाठी स्वतंत्र जागा उघडली. ज्याला कोणी काही शिकविलेले नाही त्याच्याकडेच आता सत्य उरले आहे, अशी एक श्रद्धा त्या काळी हवेत होती. त्या श्रद्धेला एक बालमूर्ती हवी होती. ती बायाच्या रूपाने लाभली.

दुसरीही एक गोष्ट विसरता येत नाही. या प्रदर्शनाच्या अडीच वर्षे आधी, मे १९४५ मध्ये, सेतीफ आणि गेल्मा या भागांत फ्रेंच सत्तेने हजारो अल्जेरियनांचे शिरकाण केले होते. ज्या देशातील प्रौढ माणसे स्वातंत्र्य मागत होती, त्या देशातील एका पोरक्या मुलीचे कौतुक करणे राजधानीला सोयीचे होते. ब्रतों स्वतः वसाहतवादाचे विरोधक होते. म्हणून हा आरोप त्यांच्यावर नाही. परंतु कौतुक करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी कौतुकाचा उपयोग कोण कसा करील हे त्याच्या हाती राहत नाही.

आपल्या भाषेत अशा कलावंताला ‘स्वयंभू’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द मोठा आहे. परंतु तो देवळातून आलेला आहे. स्वयंभू मूर्ती ती, जी कोणा कारागिराने घडविलेली नाही, जी भूमीतून आपोआप वर आली. तिच्यापुढे हात जोडावयाचे असतात. तिचे नाक नीट आहे की नाही, प्रमाण साधले आहे की नाही हे पाहावयाचे नसते. कलावंताला हे विशेषण लावताना आपण नकळत हेच करतो. त्याची पूजा करतो आणि परीक्षा टाळतो. शिवाय ज्यांच्याकडून त्याने घेतले त्यांचे ऋण आणि त्याने स्वतः केलेले श्रम, ही दोन्ही एका शब्दासरशी पुसून टाकतो. बायाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

आता चित्रांकडे वळू. आपल्यासारख्या दूरस्थांना ही चित्रे बहुधा छापील प्रतिकृतींतूनच भेटतात. परंतु बायाचे माध्यम असे आहे की प्रतिकृतीतही त्याचा पुष्कळसा गुण उतरतो. ती गुआशमध्ये, म्हणजे पाण्यात कालविलेल्या अपारदर्शक रंगांत, कागदावर काम करी. या रंगातून खालचा कागद फारसा डोकावत नाही. रंग सपाट आणि घट्ट बसतो. बायाने या गुणाचा पुरेपूर लाभ घेतला आहे. तिच्या चित्रांत सावली नाही, दूर-जवळ नाही, पायाखाली जमीन नाही. मोरपिशी निळा, गडद हिरवा, जांभळा, आपल्याकडे ज्याला राणी रंग म्हणतात त्याच्या जवळचा गुलाबी, असे रंग शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांच्यामधून काळी रेषा वळणे घेत जाते. १९४७ मधील ‘पिवळ्या पोशाखातील निळ्या केसांची स्त्री’ किंवा ‘टोपली आणि तांबडा कोंबडा घेतलेली स्त्री’ ही चित्रे पाहावीत. पोशाख हा येथे अंग झाकण्यासाठी नाही. तोच चित्राचा मुख्य आकार आहे, आणि शरीर त्याच्या घेरात विरघळून गेले आहे. चेहरा एका बाजूने दिसतो, तरी डोळा मात्र पुरता उघडा, बदामी आकाराचा, काळ्या रेषेने कोरल्यासारखा असतो.

या डोळ्यावर क्षणभर थांबले पाहिजे. तोच बदामी आकार बायाच्या पक्ष्याच्या अंगाला आहे, माशाला आहे, पानाला आहे, फुलपाखराच्या पंखावरील ठिपक्यालाही आहे. स्त्री जशी पाहते तसाच पक्षी पाहतो, आणि बघता बघता फळ, फुलदाणी, मासा ही सारीच पाहू लागतात. एका आकाराला इतकी कामे वाटून देणे हे अजाण मुलाचे काम नव्हे. ही काटकसर आहे; आणि काटकसर ही नेहमी विचाराची खूण असते. ज्याला काहीच येत नाही तो प्रत्येक वस्तूसाठी नवा आकार शोधीत बसतो आणि थकतो. ज्याला येते तो एका आकारात सारे घर चालवितो.

मग हे तिला आले कोठून? येथेच वारशाचा प्रश्न उपस्थित होतो. कबाइल प्रदेशात मडकी घडविणे हे स्त्रियांचे काम. त्या चाकाशिवाय, नुसत्या हाताने मडके वळतात आणि त्यावर त्रिकोण, शंकरपाळ्यासारखे चौकोन आणि नागमोडी रेषा यांची नक्षी रंगवितात. घरांच्या भिंतींवरही अशाच खुणा स्त्रियाच काढीत आल्या. ही विद्या आईकडून मुलीकडे, काहीही न लिहिता, जाते. आता कोणी म्हणेल की बायाने ही नक्षी उचलली. तसे म्हणणे बरोबर होणार नाही. कबाइल खुणा सरळ रेषेच्या आहेत. बायाची रेषा वाकडी, गोलाईची आहे. पोशाखांवर कोठे कोठे नागमोडी पट्टे किंवा चौकड्या दिसतात, परंतु तेवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही. तिने खुणा घेतल्या नाहीत. खुणा मांडण्याची रीत घेतली. पृष्ठभाग कोरा ठेवावयाचा नाही, एकच घटक पुनःपुन्हा योजून लय साधावयाची, वस्तू जशी दिसते तशी न काढता जशी ओळखली जाते तशी काढावयाची, हे तीन नियम तिच्या चित्रांत आहेत आणि तेच त्या मडक्यांवरही आहेत. वारसा विषयात नसतो. तो हाताच्या सवयीत असतो.

परमुलखी नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांना हे पटविण्यासाठी फार लांब जावयास नको. बदलीच्या गावी सरकारी निवासस्थानापुढील चार हात जागेत आपल्या घरातील स्त्री सकाळी रांगोळी घालते. शेजारची परप्रांतीय बाई कौतुकाने विचारते, हे कोठे शिकलात? उत्तर मिळते, ‘शिकले कुठे, येते आपली!’ आपल्या भाषेत विद्या ‘येते’. जणू ती आपल्या पायांनी चालत आली. वास्तविक त्या ‘येते’मध्ये आई, आजी, मावशी, आळीतल्या साऱ्या जणी बसलेल्या असतात. बायाला चित्र ‘येत’ होते ते याच अर्थाने. आजीच्या मळ्यावरची फुले, सणावाराचे पोशाख, घरांतली भांडी, रात्री ऐकलेल्या गोष्टी, ही तिची शाळा होती. १९४७ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तिने सांगितलेली एका थोरल्या पाखराची गोष्टही छापली गेली होती. तिचे पक्षी कोठून आले हे विचारण्याची आवश्यकता त्यानंतर तरी उरू नये.

आणि या शाळेत मार्गरीतबाईंचे घरही धरावयास हवे. भिंतीवरील चित्रे पाहत वाढलेल्या मुलीला त्यांच्यापासून अलिप्त मानणे हा भाबडेपणा झाला. आपल्याकडील सुनयनी देवींचे (१८७५–१९६२) उदाहरण येथे आठवते. त्यांनाही स्वयंशिक्षित म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे ज्यांचे भाऊ, त्या घरातील स्वयंशिक्षण म्हणजे काय, हे कलकत्त्यास राहिलेल्या वाचकांना सांगावयास नको. शिक्षक नसणे आणि शिक्षण नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बायाचे नाव निघाले की पिकासोचे नाव निघतेच. १९४८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेस वालोरी येथील मादुरा कुंभारशाळेत ती मातीकाम करीत होती. पिकासो तेथेच काम करी. यावरून, पुढे १९५४–५५ च्या हिवाळ्यात त्याने रंगविलेली ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ ही पंधरा चित्रांची मालिका बायामुळे सुचली, असे वारंवार सांगितले जाते. ती मालिका उघडपणे देलाक्रवाच्या १८३४ मधील चित्रावरून केलेली आहे. तिचे श्रेय बायाला देऊन बाया मोठी होत नाही. उलट, थोर पुरुषाच्या उपयोगी पडली म्हणून स्त्री थोर, हा जुनाच हिशेब त्यात पुन्हा मांडला जातो. त्यापेक्षा देलाक्रवाचे चित्र आणि बायाचे चित्र शेजारी ठेवावे. देलाक्रवा १८३२ मध्ये अल्जिअर्सला गेला आणि त्याने अंतःपुर रंगविले: अंधुक प्रकाश, हुक्का, सुस्तावलेल्या स्त्रिया. त्या पाहिल्या जाण्यासाठी बसल्या आहेत. बायाच्या चित्रातही स्त्रिया घरातच आहेत, पुरुष नाहीत, दागिने आहेत, फळे आहेत; साहित्य बहुतांशी तेच. परंतु तेथे कोणी पाहुणा दारातून डोकावत नाही. तो डोकावलाच, तर तो उघडा बदामी डोळा त्याच्यावर रोखलेला असेल. शंभर वर्षे ज्या खोलीचे वर्णन बाहेरच्याने केले, तिचे वर्णन आता आतून येत आहे. हा फरक बायाने कोणत्याही जाहीरनाम्याशिवाय घडवून आणला.

१९५३ मध्ये तिचा विवाह ब्लिदा येथील अंदलुसी संगीताचे जाणकार गायक-वादक एल् हाज महफूद महीद्दीन यांच्याशी झाला. वयात सुमारे तीस वर्षांचे अंतर होते. त्यानंतर दहा वर्षे तिने कुंचला हाती धरला नाही. याच काळात, १९५४ ते १९६२, स्वातंत्र्याचे रक्तरंजित युद्ध झाले; घरात मुले वाढत होती. या दशकाविषयी पुष्कळ तर्क करता येतील. मी ते करणार नाही. जे दिसते ते असे की १९६३ मध्ये, स्वातंत्र्यानंतर एका वर्षाने, अल्जिअर्सच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तिची जुनी चित्रे घेतली, मांडली, आणि संग्रहालयाचे प्रमुख झ्यां द मेझोनसल यांच्या प्रोत्साहनाने ती पुन्हा रंगवू लागली. जिला केवळ बालपणाच्या निरागसतेची देणगी होती असे पॅरिसने ठरविले होते, ती आता तिशी ओलांडलेली, मुलाबाळांची आई होती. निरागसता संपली होती. चित्र संपले नव्हते. ‘स्वयंभू’ या विशेषणाला याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

१९६७ मध्ये अल्जेरियातील काही तरुण चित्रकारांनी ‘औशेम’, म्हणजे गोंदण, या नावाचा गट काढला. दनी मार्तिनेझ, शुक्री मेस्ली ही त्यांतील प्रमुख मंडळी कलाविद्यालयांत शिकलेली होती. पाश्चात्त्य शैलीचे अनुकरण टाकून सहारातील तासिली येथील गुहाचित्रांशी, गोंदणाशी, कातडे आणि मडके यांवरील खुणांशी नाते जोडावे, असे त्यांचे म्हणणे होते. या गटात त्यांनी बायालाही सामील करून घेतले. या घटनेत एक मोठा बोध आहे. शिकलेल्यांना प्राचीन वारशाकडे परत जावे लागले. त्यासाठी जाहीरनामा लिहावा लागला. बाया तेथून निघालीच नव्हती. अर्थात परत जाणाऱ्यांची वाट खोटी, असे मी म्हणणार नाही. गमावलेले शोधणे हाही एक पराक्रमच आहे. परंतु जे शोधावयाचे ते आपल्या डोळ्यांसमोर एक स्त्री घरात बसून करीत आहे, हे त्यांनी ओळखले, याबद्दल त्या गटाचे आभार मानले पाहिजेत.

१९६३ नंतरच्या चित्रांत वाद्ये आली. ऊदसारखी, मँडोलिनसारखी, वीणेसारखी तंतुवाद्ये स्त्रियांच्या आणि पक्ष्यांच्या मधून उगवल्याप्रमाणे दिसतात. पतीच्या घरातील संगीत त्यांत आले हे उघड आहे. अंदलुसी ‘नूबा’ ही ठरावीक क्रमाने जाणारी रचना असते आणि ती गुरुमुखातून शिकावयाची असते. त्या घरात वर्षानुवर्षे कानावर पडणारे सूर हाही एक वारसाच. तथापि येथे टीकाकाराने आपले काम टाळू नये. या उत्तरकालीन चित्रांत भरगच्चपणा वाढला आहे. १९४७ च्या चित्रांतील एकाकी, काहीशी भयावह वाटणारी भव्य स्त्री मागे पडली. तिच्या जागी फळे, फुलदाण्या, मासे आणि वाद्ये यांच्या गर्दीत समतोलपणे बसविलेल्या स्त्रिया आल्या. काही चित्रांत हा समतोल इतका सहज झाला आहे की तो सवयीचा वाटतो. पुनरावृत्तीतून लय निर्माण होते हे खरे; परंतु लयीलाही कोठेतरी आघात हवा असतो. आघाताची ही वाण मला अनेक उत्तरकालीन चित्रांत जाणवते. हे मी तिचा मान कमी करण्यासाठी म्हणत नाही. स्वयंभू मूर्तीत दोष काढता येत नाही. कलावंताच्या कृतीत काढता येतो, आणि काढता येतो म्हणूनच तो कलावंत.

१९९० नंतरचे दशक अल्जेरियात यादवीचे होते. १९९४ मध्ये अल्जिअर्सच्या कलाविद्यालयाचे संचालक अहमद असेला यांची त्यांच्या मुलासह विद्यालयातच हत्या झाली. अनेक कलावंत देश सोडून गेले. ब्लिदाच्या आसपासचा मुलूख तर हिंसेने होरपळला होता. बाया मात्र तेथेच राहिली, रंगवीत राहिली, आणि ९ नोव्हेंबर १९९८ रोजी तेथेच वारली. त्यानंतर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे आणि २०२२–२३ मध्ये पॅरिसच्या अरब जगत संस्थेत तिची मोठी प्रदर्शने झाली. जग तिच्याकडे पुन्हा वळले आहे. ‘स्वयंभू’ हा जुना शेलाही त्याने बरोबर आणला आहे, एवढीच तक्रार.

ही तक्रार दूरदेशीच्या एका बाईपुरती असती तर तिच्यासाठी एवढा कागद खर्चण्याचे कारण नव्हते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या हाती निर्णयाचे काम असते. एखाद्या जिल्ह्यातील स्त्रियांनी काढलेली चित्रे खरेदी करावयाची असतात, प्रदर्शनात मांडावयाची असतात, आणि कागदावर एक रकाना भरावयाचा असतो: हस्तव्यवसाय की कला? पहिल्या रकान्यात गेलेल्या वस्तूवर करणारीचे नाव राहत नाही. जिल्ह्याचे किंवा जमातीचे नाव राहते. दुसऱ्या रकान्यात नाव राहते, पण बहुधा ‘निसर्गदत्त’, ‘अशिक्षित’ अशा विशेषणांच्या सोबतीने. एका रकान्यात व्यक्ती हरवते, दुसऱ्यात परंपरा. बायाच्या चित्रांनी या दोन्ही रकान्यांत मावण्याचे नाकारले आहे. पुढच्या वेळी असा कागद सहीसाठी समोर येईल तेव्हा त्या बाईचे नाव लिहावे, आणि तिला हे कोणाकडून आले तेही विचारून नोंदवावे. विचारल्यावर ती बहुधा हसून म्हणेल, ‘येते आपले.’ तेवढ्यावर थांबू नये, पुन्हा विचारावे.